रोज सकाळी सरकलेले चित्र: सणाच्या प्रोजेक्शन दालनातील जुळणी पुन्हा पुन्हा का बिघडते

एखाद्या खोलीच्या तीन भिंतींवर तीन-चार प्रोजेक्टर लावून सणाचे दृश्य उभे करायचे आणि प्रेक्षकाला त्याच्या मधोमध आणून सोडायचे, हा प्रकार विद्यार्थी प्रकल्पांमध्ये आता चांगलाच रुळला आहे. त्यातली सर्वांत चिवट तक्रारही जवळजवळ सगळीकडे एकच असते. रात्री उशिरापर्यंत बसून भिंतींचे कोपरे, खिडक्यांच्या चौकटी आणि दोन प्रोजेक्टरांमधले सांधे बारकाईने जुळवले जातात. दुसऱ्या दिवशी यंत्रणा चालू केली, की दिव्यांची माळ सांध्यावर तुटलेली दिसते, चौकटीची कड शेजारच्या भिंतीवर सांडते आणि एखाद्या ठिकाणी प्रत्येक दिवा दुहेरी उमटतो. मग कोणीतरी मॅपिंगचे, म्हणजे चित्र भिंतीच्या आकारात बसवणारे, सॉफ्टवेअर उघडतो, कोपरे ओढून चित्र पुन्हा बसवतो, आणि पुढच्या सकाळी तोच खेळ नव्याने सुरू होतो.

अशा वेळी पहिली सूचना एवढीच, की कोपरे ओढण्याला हात लावू नये. मॅपिंगची जतन केलेली फाइल ही बरोबर असलेल्या स्थितीची एकमेव नोंद असते आणि ती बदलली की नेमके काय सरकले हे शोधण्याचा मार्गच बंद होतो. समजा, प्रोजेक्टरने स्वतःहून चित्र १२ पिक्सेल वर नेले आणि कोणी मॅपिंगमध्ये ते १२ पिक्सेल खाली ओढले. दुसऱ्या दिवशी प्रोजेक्टर आपल्या मूळ जागी परतला, तर आता चूक उलट दिशेने तेवढीच दिसते आणि ती सॉफ्टवेअरमधून आलेली असते. चार दिवस असे गेले की दोष कुठला आणि दुरुस्ती कुठली, हे फाइल तयार करणाऱ्यालाही सांगता येत नाही. म्हणून जुळणी मनासारखी झाली त्या क्षणी फाइलची एक प्रत वेगळ्या नावाने ठेवावी, ती केवळ वाचण्यापुरती खुली ठेवावी आणि बिघाड दिसल्यावर सर्वप्रथम तीच उघडावी.

तीन ग्रिड आणि भिंतीवरची चार चिन्हे

निदानासाठी लागणारी साधने अगदी साधी आहेत. प्रत्येक प्रोजेक्टरच्या चित्राच्या चार कोपऱ्यांपाशी आणि प्रत्येक सांध्यावर वर, मध्ये आणि खाली भिंतीवर पेन्सिलीने लहान फुल्या काढाव्यात. त्या दिवा लावल्यावर जवळून दिसतील आणि प्रयोग चालू असताना लांबून दिसणार नाहीत, इतक्याच फिक्या असाव्यात. मग प्रत्येक प्रोजेक्टरसाठी त्याच्या मूळ रिझोल्यूशनचे ग्रिडचे चित्र तयार करावे: सर्व बाजूंनी एक पिक्सेल जाडीची पांढरी कड, मध्यभागी फुली, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत कर्ण, आणि मोठ्या अक्षरात त्या प्रोजेक्टरचा क्रमांक. प्रत्येकाच्या ग्रिडला वेगळा रंग द्यावा. उदाहरणार्थ शेजारच्या दोघांपैकी एकाला लाल आणि दुसऱ्याला हिरवा. असे केले की सांध्यावर जिथे दोन्ही रेषा बरोबर एकमेकींवर पडतात तिथे पिवळी रेषा दिसते आणि जिथे त्या सुटतात तिथे लाल व हिरवी वेगवेगळी दिसते. किती पिक्सेलांचा फरक आहे, हे तिथेच मोजता येते.

हे ग्रिड तीन ठिकाणांहून दाखवता येते आणि या लेखातला सर्वांत उपयोगाचा भाग हाच आहे. बहुतेक प्रोजेक्टरांच्या मेन्यूमध्ये त्यांचा स्वतःचा टेस्ट पॅटर्न असतो, ज्याचा संगणकाशी काही संबंध नसतो. तो लावला आणि त्याच्या कडा जुळणीच्या दिवशी केलेल्या खुणांपासून सरकलेल्या दिसल्या, तर दोष प्रोजेक्टरच्या जागेत, लेन्समध्ये किंवा त्याच्या आतल्या सेटिंगमध्ये आहे. केबल, संगणक आणि सॉफ्टवेअर तिन्ही निर्दोष आहेत. तो बरोबर बसला, तर आपले ग्रिड संगणकावरून मॅपिंगशिवाय, साध्या पूर्ण पडद्याच्या चित्रासारखे दाखवावे. त्याची एक पिक्सेलची कड चारही बाजूंनी पूर्ण दिसत नसेल, अंकच चुकीच्या भिंतीवर आला असेल किंवा रेषा कुठे जाड कुठे बारीक दिसत असतील, तर गोंधळ संगणक आणि प्रोजेक्टर यांच्यामध्ये आहे. हेही ठीक असेल आणि केवळ मॅपिंगमधून पाठवलेले ग्रिड चुकत असेल, तरच सॉफ्टवेअरकडे वळावे. या तीन पायऱ्यांना मिळून दहा मिनिटे लागतात. माझ्या पाहण्यात बहुतेक गट ही दहा मिनिटे वाचवतात आणि त्यापायी रोजचा तासभर घालवतात.

अर्थात, प्रोजेक्टरच्या स्वतःच्या टेस्ट पॅटर्नच्या कडा कुठे पडतात, याची खूण आधीच भिंतीवर केलेली असली पाहिजे. सॉफ्टवेअरमध्ये कडा कापल्यामुळे प्रत्यक्ष चित्र लहान असते आणि प्रोजेक्टरचा प्रकाश त्याच्या बाहेरही पडत असतो. म्हणून या खुणा चित्राच्या खुणांपेक्षा वेगळ्या रंगाच्या पेन्सिलीने कराव्यात.

चुकीचा आकार काय सांगतो

सरकण्याचा आकार नीट पाहिला तर अर्धे निदान मोजमापाशिवाय होते. संपूर्ण चित्र एकाच दिशेने सारखेच सरकले असेल, तर प्रोजेक्टर किंचित वळला आहे किंवा लेन्स शिफ्टचे, म्हणजे प्रोजेक्टर न हलवता लेन्स सरकवून चित्र हलवण्याचे, चाक हलले आहे. मध्यबिंदू जागेवर असून चारही कोपरे सारख्याच प्रमाणात आत किंवा बाहेर गेले असतील, तर झूमची रिंग फिरली आहे. वरची कड रुंद आणि खालची अरुंद, असा समलंब चौकोन झाला असेल तर कीस्टोन (तिरके पडलेले चित्र सरळ करणारी प्रोजेक्टरमधली सोय) बदलला आहे किंवा प्रोजेक्टर बराच कलला आहे. चित्र तिरके झाले असेल, म्हणजे एक कोपरा वर आणि समोरचा खाली, तर ब्रॅकेटचा एखादा स्क्रू सैल झाला आहे किंवा स्टँडचा एक पाय दबला आहे. एकाच भागात फुगवटा आला असेल आणि बाकीचे सर्व जागेवर असेल, तर प्रोजेक्टरला दोष देण्यात अर्थ नाही. पृष्ठभाग हलला आहे. आणि कालपर्यंत ठीक असलेले चित्र आज चारही बाजूंनी नेमक्या सारख्या प्रमाणात मोठे होऊन कडा कापत असेल, तर ते ओव्हरस्कॅन आहे, म्हणजे संगणकाकडून आलेल्या संकेताला (सिग्नलला) टीव्हीचा संकेत समजून कडेचा काही भाग बाहेर टाकला जात आहे.

प्रोजेक्टर खरेच हलतो, आणि फार थोड्याने हलतो

“कोणी हातही लावला नाही” हे वाक्य प्रत्येक गटात ऐकू येते आणि ते बहुधा खरेही असते. भूमितीच अशी आहे, की हात लावण्याची गरज पडत नाही. प्रोजेक्टरचे थ्रो गुणोत्तर म्हणजे भिंतीपासूनचे अंतर भागिले चित्राची रुंदी. हे गुणोत्तर १.५ असलेला प्रोजेक्टर ४ मीटरवर ठेवला तर चित्र साधारण २.६७ मीटर रुंद पडते आणि ते १९२० पिक्सेलांचे असेल तर एक पिक्सेल भिंतीवर सुमारे १.४ मिलिमीटर जागा घेतो. आता प्रोजेक्टर फक्त ०.१ अंशाने वळला, तर ४ मीटरवर चित्र ७ मिलिमीटर सरकते, म्हणजे ५ पिक्सेल. पायांमधले अंतर ३० सेंटिमीटर असेल तर एका बाजूचे पाय अर्धा मिलिमीटर दबले, की हे ०.१ अंश भरले. टेबलावर पुस्तकांची चळत रचून त्यावर प्रोजेक्टर ठेवण्याची जी सवय आहे, तिचा हिशोब इथे लागतो: कागद रात्रभरात दबतो, वरचे पुस्तक गुळगुळीत मुखपृष्ठावरून केसभर घसरते, आणि सकाळी सांध्यावरची माळ तुटते. अगदी जवळून भिंतीला चाटून प्रकाश टाकणाऱ्या अल्ट्रा शॉर्ट थ्रो प्रोजेक्टरांच्या बाबतीत ही संवेदनशीलता आणखी वाढते, कारण किरण भिंतीवर फार तिरपे पडतात आणि प्रोजेक्टरपासून दूर असलेल्या कडेवर थोडी हालचालही मोठी होऊन दिसते. जागा कमी म्हणून हे प्रोजेक्टर निवडले जातात; ते आपल्यासोबत ही अटही घेऊन येतात, हे निवडतानाच लक्षात घ्यावे.

त्यामुळे प्रोजेक्टर ज्यावर ठेवला आहे ती वस्तू दबणारी, घसरणारी किंवा डोलणारी असता कामा नये. पुस्तके, थर्माकोल, पुठ्ठा आणि फोम हे सर्व बाद करावे. जाड प्लायवूडचा तुकडा कापून तो टेबलाला क्लॅम्पने आवळावा आणि प्रोजेक्टरच्या तळाशी असलेल्या स्क्रूच्या भोकांतून त्याला प्लायवर बसवावे. प्रोजेक्टरचे स्वतःचे फिरते पाय उंची बदलण्यासाठी सोयीचे असले तरी कायमच्या जुळणीसाठी ते पूर्ण आत फिरवून टाकणे चांगले. छताला लावलेल्या ब्रॅकेटला तीन-तीन सांधे असतात आणि त्यातला प्रत्येक सांधा सैल होऊ शकतो, म्हणून जुळणी झाल्यावर प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावरून शेजारच्या पत्र्यापर्यंत मार्करची एक सरळ रेघ ओढावी. स्क्रू फिरला की रेघ तुटलेली दिसते आणि शिडीवर चढून चाचपण्याची गरज राहत नाही. प्रेक्षकांच्या डोक्यावर टांगलेल्या प्रत्येक प्रोजेक्टरला ब्रॅकेटव्यतिरिक्त स्वतंत्र स्टीलची सुरक्षा-तार असलीच पाहिजे.

केबलकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. जाड एचडीएमआय केबल प्रोजेक्टरच्या मागून थेट खाली लोंबत असेल तर तिचे वजन एका बाजूला सतत ओढ देत राहते, आणि कोणी जाताना तिला पाय लागला तर ओढ झटक्याची होते. केबलला एक सैल वळसा देऊन ती ब्रॅकेटच्या दांड्याला किंवा टेबलाच्या पायाला बांधावी, म्हणजे झटका बांधलेल्या जागी थांबतो.

आता उष्णता. प्रोजेक्टर चालू केल्यावर दिवा किंवा लेझर, लेन्स आणि आतला प्लॅस्टिकचा सांगाडा तापतो, किंचित प्रसरण पावतो, आणि पहिल्या अर्ध्या तासात चित्र दोन-चार पिक्सेल सरकू शकते. फोकसही थोडा बदलतो. जुळणी रात्री, अनेक तास तापलेल्या प्रोजेक्टरांवर झालेली असते आणि तपासणी सकाळी थंड प्रोजेक्टरवर होते, तेव्हा चूक दिसणारच. याची खात्री करणे सोपे आहे: यंत्रणा चालू करून ग्रिड लावावे, फोन एका जागी पक्का बसवून दर दहा मिनिटांनी एक छायाचित्र घ्यावे. चित्र पहिल्या अर्ध्या तासात सरकून कालच्या खुणांवर येऊन स्थिरावत असेल, तर दुरुस्त करण्यासारखे काहीच नाही. फक्त प्रेक्षकांना आत सोडण्याआधी अर्धा तास यंत्रणा चालू ठेवावी आणि जुळणीही नेहमी तापलेल्या अवस्थेतच करावी. मात्र एका प्रोजेक्टरच्या पंख्याची गरम हवा दुसऱ्याच्या तोंडावर जात असेल, तर चित्र स्थिरावतच नाही आणि सांध्याजवळचे दिवे तप्त रस्त्यावरच्या हवेसारखे लहरत राहतात. तेव्हा दोघांमध्ये आडवी फळी लावावी किंवा एकाला थोडे दूर न्यावे; हवेच्या जाळ्या मात्र कधीही झाकू नयेत.

झूम आणि फोकसच्या रिंगा हातानेच फिरणाऱ्या असतील तर जुळणीनंतर त्यांवर कागदी चिकटपट्टीचा एक तुकडा लावावा. लेन्स वरच्या किंवा खालच्या दिशेला झुकवलेली असेल तर तिच्या स्वतःच्या वजनाने रिंग हळूहळू सरकते, आणि ही चूक इतकी सावकाश येते की ती कधी आली हे कोणालाच कळत नाही.

स्वयंचलित म्हणजे आपोआप बिघडवणारे

घरगुती वापराच्या प्रोजेक्टरांमध्ये स्वयंचलित कीस्टोन असतो. प्रोजेक्टर आतल्या सेन्सरने आपला कल मोजतो आणि चित्राचा आकार स्वतः सुधारतो, बहुधा प्रत्येक वेळी चालू होताना. सेन्सरचे वाचन दर वेळी तंतोतंत सारखे येत नाही, त्यामुळे चित्रही दर वेळी तंतोतंत सारखे पडत नाही. ही सोय मेन्यूमधून बंद करावी, कीस्टोनचे सर्व आकडे शून्यावर आणावेत आणि आकार सुधारण्याचे काम एकाच ठिकाणी, म्हणजे मॅपिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये करावे. कीस्टोन हा डिजिटल उपाय असल्यामुळे तो पिक्सेल वाया घालवतो आणि बारीक दिव्यांच्या कडा पुसट करतो. लेन्स शिफ्ट उपलब्ध असेल तर ती वापरावी, कारण ती प्रकाशीय असते आणि तिच्यात पिक्सेल वाया जात नाहीत. स्वयंचलित फोकस, अडथळा ओळखून चित्र लहान करणारी सोय आणि दृश्यानुसार उजेड बदलणारी सोय, याही याच वेळी बंद कराव्यात.

एक नंबरचे चित्र तीन नंबरच्या भिंतीवर

दुसरा मोठा घोटाळा संकेताचा असतो आणि तो लपून राहत नाही: समोरच्या भिंतीचे आकाश उजवीकडे जाते, किंवा एका भिंतीवर संगणकाचा मोकळा डेस्कटॉप झळकतो. याचे मूळ समजून घेतल्याशिवाय तो थांबत नाही. प्रत्येक प्रोजेक्टर एचडीएमआयच्या वेगळ्या वाहिनीवरून संगणकाला आपली ओळख पाठवतो, जिला ईडीआयडी म्हणतात. तिचा मूळ भाग अवघ्या १२८ बाइटांचा असतो आणि त्यात निर्माता, मॉडेल व मूळ रिझोल्यूशन यांची माहिती असते. प्रोजेक्टर जोडला आहे की नाही हे संगणकाला एचडीएमआयच्या १९ क्रमांकाच्या पिनवरून कळते. प्रोजेक्टर बंद झाला किंवा विजेचा खोळंबा झाला की काही मॉडेल या पिनवरून आपण गेल्याचे सांगतात, आणि संगणक त्या पडद्याला यादीतून काढून उरलेल्यांची मांडणी नव्याने करतो. सकाळी प्रोजेक्टर वेगवेगळ्या वेळी जागे होतात, त्या क्रमाने पडदे परत येतात, आणि मॅपिंगचे सॉफ्टवेअर “पडदा २” म्हणून ज्याला ओळखत होते तो आता वेगळाच निघतो. एकाच मॉडेलचे तीन प्रोजेक्टर असतील तर ही शक्यता वाढते, कारण काहींच्या ईडीआयडीमध्ये अनुक्रमांक रिकामा किंवा सारखाच असतो आणि मग संगणकाला त्यांच्यात फरक करायला जोडणीच्या जागेशिवाय आधार उरत नाही.

म्हणून पहिली गोष्ट कागदी चिकटपट्टी आणि मार्कर. ग्राफिक्स कार्डाच्या प्रत्येक जोडणीला, केबलच्या दोन्ही टोकांना आणि प्रोजेक्टरला एकच क्रमांक लिहावा, आणि आवराआवरीत काढलेली केबल परत त्याच भोकात जाईल अशी व्यवस्था करावी. दुसरी गोष्ट क्रम: आधी सर्व प्रोजेक्टर चालू करून ते पूर्ण उजळेपर्यंत थांबावे, मग संगणक चालू करावा, आणि सर्वांत शेवटी मॅपिंगचे सॉफ्टवेअर. बंद करताना हाच क्रम उलटा. एवढ्याने बहुतेक ठिकाणी प्रश्न सुटतो. जिथे सुटत नाही तिथे ईडीआयडी एम्युलेटर नावाची काडेपेटीएवढी वस्तू संगणकाच्या बाजूला, केबलच्या आधी लावावी. ती प्रोजेक्टरच्या वतीने कायम ओळख देत राहते, त्यामुळे प्रोजेक्टर बंद असला तरी संगणकाच्या दृष्टीने पडदा जागेवरच असतो. याची दुसरी बाजू अशी, की प्रोजेक्टर खरोखर बंद पडला तरी संगणक ते सांगणार नाही. ते डोळ्यांनीच पाहावे लागेल. काही ग्राफिक्स कार्डे अनेक पडदे जोडून त्यांचा एकच रुंद पडदा करून देतात आणि ती सोय असेल तर क्रम बदलण्याचा प्रश्न बराचसा मावळतो.

एकच एचडीएमआय विभागून तीन प्रोजेक्टरांना देणारा स्प्लिटर तिन्ही भिंतींवर एकच चित्र दाखवतो, हे सांगण्याची गरज भासू नये; पण प्रकल्पाच्या आदल्या दिवशी ते लक्षात येणारे गट आहेत, म्हणून सांगितले. युएसबीवरून चालणारे डिस्प्ले अॅडॅप्टर वेगवेगळी चित्रे देतात, परंतु त्यांतले बहुतेक चित्र दाबून पाठवतात, आणि सांध्यावरून सरकणारी आतषबाजी एका भिंतीवर थोडी आधी व दुसरीवर थोडी नंतर फुटताना दिसते.

चित्र मध्येच काळे होऊन दोन-तीन सेकंदांनी परत येत असेल, किंवा काळ्या आकाशात पांढरे ठिणगीसारखे ठिपके चमकत असतील, तर केबलची लांबी तपासावी. साधी तांब्याची एचडीएमआय केबल १० मीटरच्या पुढे भरवशाची राहत नाही. लांब अंतरासाठी प्रकाशतंतूची सक्रिय केबल घ्यावी, जिला दिशा असते आणि जी उलटी लावल्यास चालत नाही, किंवा नेटवर्कच्या केबलवरून संकेत नेणारी एचडीबेसटी जोडी वापरावी. सणाच्या दृश्यात हे ठिपके दिव्यांमध्ये मिसळून जातात आणि दोष बरेच दिवस सजावट म्हणून खपून जातो, म्हणून ही तपासणी पूर्ण काळ्या चित्रावर करावी.

सॉफ्टवेअरमधल्या बारीकसारीक गोष्टी

इथे फार वेळ घालवावा लागत नाही. विंडोजमध्ये प्रत्येक पडद्याचे प्रमाण १०० टक्के ठेवावे. १२५ किंवा १५० टक्के असेल तर काही प्रोग्रॅमांची खिडकी पडद्याच्या बाहेर पसरते किंवा आत आखडते. संकेताचे रिझोल्यूशन प्रोजेक्टरच्या मूळ रिझोल्यूशनइतकेच असावे. अनेक प्रोजेक्टर मुळात १२८० × ८०० चे असतात आणि १९२० × १०८० स्वीकारून ते आत लहान करतात, ज्यामुळे बारीक माळा कुठे दिसतात आणि कुठे विरतात. टचडिझायनर या दृश्ये तयार करण्याच्या सॉफ्टवेअरची विनाव्यावसायिक आवृत्ती १२८० × १२८० च्या पुढे चित्र देत नाही, हे विद्यार्थी प्रकल्पांत नेहमी आड येते; चित्र पुसट दिसते आणि लोक विनाकारण फोकसची रिंग फिरवत बसतात. रोज संध्याकाळी ठरावीक वेळी सर्व दृश्य पिवळट होत असेल, तर संगणकाचा रात्रीचा उजेड आपोआप चालू होत आहे. झोपेत जाणे, पडदा बंद होणे, सूचना झळकणे आणि अद्ययावत होण्यासाठी आपोआप पुन्हा सुरू होणे, हे सर्व प्रदर्शनाच्या दिवसांसाठी बंद ठेवावे.

पृष्ठभाग

ताणलेले कापड हवेतल्या ओलाव्याने सैल पडते, फोम-बोर्ड उष्णतेने वाकतो, आणि सणाच्या देखाव्यासाठी उभे केलेले पुठ्ठ्याचे घर झाडू मारताना दोन सेंटिमीटर मागे जाते. शेवटच्या प्रकारासाठी जमिनीवर पायांभोवती पट्टीने चौकट आखणे पुरते. कापडाला खालून पूर्ण रुंदीची लाकडी पट्टी लावून तिच्या वजनाने ताण कायम ठेवावा. केवळ दोन कोपऱ्यांना बांधलेले कापड मध्ये हमखास पोट काढते.

जिथे जुळणी बरोबर असूनही चुकीची वाटते

ग्रिड पिवळ्या रेषेत बसते, तरी सांधा दिसतोच, अशी अवस्था आली तर भूमितीकडून प्रकाशाकडे वळावे. दोन प्रोजेक्टर जिथे एकमेकांवर चढतात तो सामाईक पट्टा रुंदीच्या १० ते २० टक्के ठेवतात आणि त्यात एकाचा उजेड कमी होत जातो व दुसऱ्याचा वाढत जातो. पट्ट्याच्या मधोमध प्रत्येकाने अर्धा प्रकाश द्यायला हवा. पण पिक्सेलची किंमत अर्धी केली म्हणजे प्रकाश अर्धा होत नाही: गॅमा, म्हणजे पिक्सेलची किंमत आणि प्रकाश यांचे नाते सांगणारा आकडा, २.२ धरला तर २५५ पैकी १२८ ही किंमत पूर्ण प्रकाशाच्या साधारण २२ टक्केच देते, दोघांचे मिळून ४४ टक्के होतात, आणि सांध्यावर काळपट उभा पट्टा दिसतो. अर्ध्या प्रकाशासाठी किंमत १८६ च्या आसपास लागते. मॅपिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये ब्लेंडिंगसाठी, म्हणजे सामाईक पट्ट्यात दोन चित्रे मिसळण्यासाठी, गॅमाचा स्वतंत्र आकडा असतो तो यासाठीच. तो मध्यम करड्या रंगाचे सपाट चित्र लावून, पट्टा दिसेनासा होईपर्यंत बदलावा, आणि त्याआधी सर्व प्रोजेक्टरांचा चित्रप्रकार व उजेडाची पातळी सारखी करावी. एकाचा दिवा जुना आणि दुसऱ्याचा नवा असेल तर उजळ असलेल्याला खाली आणण्याशिवाय गत्यंतर नाही.

काळ्याचे मात्र वेगळे आहे. प्रोजेक्टर काळा रंग दाखवतानाही थोडा प्रकाश सांडतोच, आणि सामाईक पट्ट्यात तो दोघांचा मिळून दुप्पट होतो. काळ्यापेक्षा कमी काही पाठवता येत नाही, म्हणून तिथे करडा पट्टा उरतो. सणाची दृश्ये नेमकी इथेच अडचणीत येतात, कारण त्यांचा ढाचा ठरलेला असतो: काळीशार रात्र, त्यावर बारीक तेजस्वी दिवे, आणि सांध्यावरून आडव्या जाणाऱ्या लांबलचक माळा. काळी पार्श्वभूमी पट्टा उघडा पाडते आणि सरळ माळ दोन पिक्सेलांचीही चूक उघडी पाडते. काही सॉफ्टवेअरमध्ये पट्ट्याबाहेरचा काळा भाग थोडा उजळवून सर्वत्र सारखा करण्याची सोय असते, पण त्याने सगळी रात्रच फिकी होते.

माझे मत असे आहे, की हा भाग दृश्य तयार करणाऱ्यांनी सोडवायचा असतो. रात्र काळी न ठेवता संध्याकाळच्या गडद निळ्या-जांभळ्या रंगात, थोड्या धुक्यासह रंगवली तर पट्टा तिच्यात मुरतो. माळा सांध्यावरून आडव्या नेण्याऐवजी सांध्याच्या अलीकडेच एखाद्या खांबाला, झाडाला किंवा गच्चीच्या कठड्याला बांधलेल्या दाखवाव्यात आणि पलीकडे दुसरी माळ सुरू करावी. सांध्यावर धूर, ढग, पानांची सळसळ, पडणाऱ्या पाकळ्या अशा अनिश्चित कडांच्या गोष्टी ठेवाव्यात, ज्यांत पाच पिक्सेलांची चूक कोणाला शोधूनही सापडत नाही. अक्षरे, चौकटी आणि चेहरे सांध्यापासून दूर असावेत. दृश्य तयार करणारा गट आणि मॅपिंग करणारा गट वेगळा असेल तर सांध्यांच्या जागा दाखवणारा आराखडा पहिल्याच आठवड्यात दृश्य तयार करणाऱ्यांच्या हातात पडला पाहिजे. शेवटच्या रात्री तयार चित्रफितीतली माळ हलवता येत नाही.

कॅमेऱ्याने आपोआप जुळवणे

प्रोजेक्टरने पट्ट्यांची चित्रे टाकायची, कॅमेऱ्याने ती टिपायची आणि संगणकाने त्यावरून प्रत्येक पिक्सेल भिंतीवर कुठे पडतो हे काढायचे, ही पद्धत जुनी आहे. १९९० च्या दशकाच्या अखेरीस नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात रमेश रास्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक प्रोजेक्टर व कॅमेरे वापरून सामान्य खोलीच्या भिंतींवर चित्र बसवण्याच्या याच प्रकारच्या प्रश्नांवर काम केले होते. ग्रे कोड, म्हणजे काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांतून प्रत्येक पिक्सेलची जागा ओळखण्याची पद्धत, वापरल्यास १९२० × १०८० साठी उभ्या दिशेला ११ आणि आडव्या दिशेला ११ अशी २२ चित्रे पुरतात. प्रत्येकाची उलट प्रतही टाकली तर ४४. कॅमेरा तिपाईवर पक्का, खोलीतले इतर दिवे बंद, आणि शटरचा वेग सावकाश ठेवावा, नाहीतर फिरत्या रंगचक्रातून एकामागून एक रंग टाकणाऱ्या डीएलपी प्रकारच्या प्रोजेक्टरच्या चित्रात रंगीत पट्टे उमटून मोजमाप बिघडते.

ही सोय असेल तर ती जरूर वापरावी, परंतु सैल ब्रॅकेट आणि चालू असलेला स्वयंचलित कीस्टोन तसेच ठेवून रोज सकाळी कॅमेऱ्याकडून जुळवून घेणे म्हणजे दोष दृष्टीआड करणे आहे. असा प्रोजेक्टर दुपारी, प्रेक्षक आत असतानाही सरकतो आणि तेव्हा भिंतीवर पट्टे टाकून मोजता येत नाही. आधी वरचे सर्व तपासून चित्र दोन दिवस ग्रिडवर स्थिर राहते याची खात्री करावी. त्यानंतर उरणारी दोन-तीन पिक्सेलांची चूक मूळ फाइलच्या प्रतीमध्ये, कॅमेऱ्याने किंवा हाताने, यंत्रणा अर्धा तास तापल्यावर दुरुस्त करावी. एखादा प्रोजेक्टर बदलावा लागला तर त्याच मॉडेलचा दुसरा आणला तरी त्याची लेन्स थोडी वेगळी बसलेली असते. तेव्हा नव्या प्रोजेक्टरचा स्वतःचा टेस्ट पॅटर्न आधी भिंतीवरच्या जुन्या खुणांवर हाताने शक्य तितका बसवावा, त्याच्या चित्रासाठी मॅपिंग नव्याने करावे, आणि शेजारच्या प्रोजेक्टरांच्या मॅपिंगला हात लावू नये.